कलकत्त्यात पहिल्यांदा: मल्लिक घाट ते मराठा डिच लेन

नागपूरच्या माणसाला हावड्याच्या गाड्या लहानपणापासून माहीत असतात. गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद, स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकून ऐकून पाठच झालेल्या, पण त्यात बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं काही होत नाही, आपण आपले सुट्टी मिळाली की पुण्या-मुंबईकडे पळतो. या जानेवारीत मात्र जमलं. मी, नवरा आणि माझी आत्या. आत्या नागपूरच्या महाल भागात राहते, शाळेतून रिटायर झालीय, गुडघे कुरकुरतात पण चालण्यात आम्हा दोघांना मागे टाकते. रात्री उशिरा पोचलो, धर्मतल्याजवळ हॉटेल घेतलं होतं (मेट्रोच्या नकाशात एस्प्लनेड लिहिलेलं असतं आणि टॅक्सीवाले धर्मतला म्हणतात, जागा एकच), जेवलो आणि झोपलो.

पहिला दिवस, सकाळ: मल्लिक घाट आणि हावडा ब्रिज

सहाला बाहेर पडलो. मोबाइल १४ डिग्री दाखवत होता. आम्ही साध्या स्वेटरवर, आणि रस्त्यावरचे झाडून सगळे काका माकडटोपी, मफलर, त्यावर शाल अशा तयारीत. आत्या म्हणे, "या लोकांना डिसेंबरात आपल्याकडे नेलं तर काय होईल बाप्पा!"

टॅक्सी पिवळी अॅम्बॅसेडरच पाहिजे हा आत्याचा हट्ट होता आणि तो पुरवून घ्या, कारण या गाड्यांचं उत्पादन २०१४ लाच बंद झालंय आणि १५ वर्षांच्या नियमामुळे आहेत त्याही रस्त्यावरून जाऊन राहिल्या. मागची सीट म्हणजे सोफा, तिघं ऐसपैस बसलो.

मल्लिक घाटाचा फुलबाजार हावडा ब्रिजच्या अगदी खाली आहे, कलकत्त्याच्या बाजूला. फोटो खूप पाहिले होते, पण फोटोत वास येत नाही ना. झेंडूच्या माळांच्या जाड जाड मोळ्या डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात आणि तुम्ही मधे उभे राहून मोबाइल काढलात की ओरडा बसतो, तो ऐकून बाजूला व्हायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यांचा धंद्याचा टाइम आहे. रजनीगंधा, कमळाच्या कळ्या, आणि कालीमातेसाठी लालभडक जास्वंदाच्या माळा, जास्वंदाला इथे जबा म्हणतात. एवढी जास्वंद एका ठिकाणी मी जन्मात पाहिली नव्हती, आपल्याकडे गणपतीला कुंपणावरचं एखादं फूल तोडून वाहतो तेवढंच. आत्यानं एका माशींकडून (बंगालीत मावशीला माशी म्हणतात) जबाची एक माळ घेतली, कशाला घेतली तिलाही माहीत नव्हतं, दिवसभर पिशवीत वागवली. मागे घाटाच्या पायऱ्यांवर लोक आंघोळी करत होते, आणि नदीवर एवढं धुकं की समोरचा हावडा दिसतच नव्हता, नुसता पुलाचा वरचा भाग हवेत.

टिप: बूट घाला, चपला नको. खाली पाकळ्यांचा आणि पाण्याचा चिखल असतो, घसरायला होतं. आणि सातच्या आत जा.

मग पूल चालत ओलांडला. हे नक्की करा, टॅक्सीतून काही कळत नाही. १९४३ मध्ये सुरू झाला तेव्हा महायुद्ध चालू होतं, जपानी बॉम्बच्या भीतीनं समारंभ वगैरे काही न करता गुपचूप उघडला. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि नट-बोल्ट नाहीत, सगळे रिव्हेट. नदीत एकही खांब नाही. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच. पुलाच्या लोखंडी खांबांची बुडं लोक पान खाऊन थुंकतात त्यानं गंजायला लागली होती, म्हणून त्यांना फायबरग्लासची आवरणं घातलीत. नवरा म्हणाला, "म्हणजे पानवाले पूल खाऊन राहिले होते. आपल्या खर्रेवाल्यांना सांगू नको, चॅलेंज घेतील."

हावडा बाजूला मातीच्या भांड्यातला चहा. पिऊन झालं की भांडं तिथल्या टोपलीत टाकायचं असतं, आत्यानं दोन धुवून पिशवीत ठेवली, जबाच्या माळेशेजारी.

फेरीबोटीनं कुमारटुली

हावडा घाटावरून शोभाबाजार-बागबाजारकडे जाणारी लाँच मिळते. तिकीट अगदी थोडक्या रुपयांचं, आणि माझ्या मते कलकत्त्यात पैसे देऊन मिळणारी ही सगळ्यात स्वस्त मजा आहे. ऑफिसला जाणारे लोक पेपर वाचत उभे, पुलाखालून बोट जाते, डाव्या-उजव्या हाताला जुनी गोदामं, पडके घाट. एका गृहस्थांनी आम्हाला न विचारताच प्रत्येक घाटाचं नाव सांगायला सुरुवात केली, ते अहिरीटोला येईपर्यंत थांबले नाहीत, आणि स्वतःचा घाट आला तेव्हा उतरता उतरता पुढच्या घाटाचंही सांगून गेले.

कुमारटुली म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. दुर्गापूजेच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा सरस्वती पूजा जवळ आली होती त्यामुळे गल्लीभर सरस्वत्याच सरस्वत्या. काही नुसत्या गवताच्या, काहींना माती लागलेली पण डोकं नाही, काही पांढऱ्या रंगात वाळत ठेवलेल्या, आणि एका कोपऱ्यात मान तुटलेले दहा-बारा हंस. बांबूचा सांगाडा, त्यावर भाताचा पेंढा सुतळीनं आवळून शरीराचा आकार द्यायचा, मग चिकणमाती, मग बारीक मातीचा हात, आणि डोळे सगळ्यात शेवटी. आत्याच्या घराजवळच चितार ओळ आहे, नागपूरचे गणपती तिथेच होतात, त्यामुळे ती एकदम घरच्यासारखी आत घुसली. एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून तिनं मराठीत आणि त्यांनी बंगालीत माती, पाणी आणि भेगा या विषयावर पाऊण तास चर्चा केली. मी मधे हिंदीत भाषांतर करायला गेले तर दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. भेगा पडल्या की ते ओल्या मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात, हे आत्याला फार पटलं.

टिप: मूर्तिकारांचे फोटो विचारून काढा, काही जण पैसे मागतात आणि मागायलाच पाहिजेत, दिवसभर लोक येऊन त्यांच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात. बनमाली सरकार स्ट्रीटवर शोल्याच्या दागिन्यांची दुकानं आहेत, शोला म्हणजे पाणवनस्पतीचा पांढरा हलका गाभा, देवीचे मुकुट त्याचे होतात. छोटं काहीतरी घेऊन या, वजन काहीच नसतं पण पिशवीत दबून मोडतं.

भूक लागली होती. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात मटाराच्या कचोऱ्या होत्या, कोराईशुटिर कोचुरी, या फक्त थंडीतच मिळतात. आपली कचोरी डोक्यातून काढून टाका, ही पुरीसारखी मऊ, आत मटाराचा हिरवा पातळ थर, सोबत बटाट्याची रसभाजी. नवरा सावजी खाणारा माणूस, त्यानं भाजीत वरून दोन हिरव्या मिरच्या चावल्या तेव्हा दुकानदारानं त्याच्याकडे काळजीनं बघितलं.

दुपार: ट्राम, कॉलेज स्ट्रीट आणि कॉफी हाऊस

तिथून चालत मोठ्या रस्त्याला आलो, ट्राम पकडली. मुंबईची ट्राम १९६४ ला गेली, भारतात आता फक्त इथेच उरलीय आणि इथेही दोनेक मार्गच. १८७३ ला घोड्यांची सुरू झाली, १९०२ पासून विजेची. वेग असा की शेजारून सायकलवाला पुढे जातो आणि तो मागे वळून बघतही नाही. कंडक्टरनं आत्याला खिडकीची जागा करून दिली, "माशीमा, एखाने बोशून." रागावून हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या, आणि ट्राम आपली घंटा वाजवत मधोमध. तुम्हाला कुठे वेळेवर पोचायचं असेल तर ट्राममध्ये बसू नका, नसेल तर दुसरं काही घेऊ नका.

कॉलेज स्ट्रीट म्हणजे पुस्तकांचा रस्ता. प्रेसिडेन्सी, कलकत्ता युनिव्हर्सिटी, संस्कृत कॉलेज सगळं आसपास, आणि त्यांच्या भिंतींना चिकटून टपऱ्या, त्यात जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. जास्त करून गाइडं आणि स्पर्धा परीक्षेचीच, हे आधीच सांगते, नाहीतर निराश व्हाल. (रविवारी बहुतेक बंद असतं, रविवार टाळा.)

आणि कॉफी हाऊस. जुना अल्बर्ट हॉल, अंधारा जिना, जिन्यात पोस्टर, वर एकदम प्रचंड उंच छताचा हॉल, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथ, आणि एवढा आवाज की वेटरला तीनदा सांगावं लागतं. वेटर पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर तुऱ्याची पगडी. १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते. कॉफी साधीच आहे हो, दुधाशिवायची घेतलीत तर तिला इन्फ्यूजन म्हणतात, पण इथे कॉफीसाठी कोणी येत नाही.

जागा नव्हती म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टेबलावर बसलो. पंच्याहत्तरीचे असतील, शबनम, जाड चष्मा, समोर रिकामा कप. पाच मिनिटांनी त्यांनी हिंदीत विचारलं कुठून आलात, आत्या अभिमानानं म्हणाली नागपूर. त्यांनी चष्मा काढला, आमच्याकडे नीट बघितलं, आणि शेजारच्या टेबलावर ओरडून सांगितलं, "अरे, बर्गी एशेछे!" आणि तिकडचे चौघं खो खो हसायला लागले.

मला काही कळेना. आत्याला मात्र कळलं आणि ती गप्पच झाली. मग त्यांनी सगळं सांगितलं, आमच्यासाठी दुसरी कॉफी मागवून. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर लढणारे स्वार. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर येत राहिल्या. सरदार भास्करराम कोल्हटकर, त्यांना तिकडे भास्कर पंडित म्हणतात. गावं जाळली, लुटलं, लोक भागीरथी ओलांडून पळाले. बंगालमध्ये आजही एक अंगाई आहे, तिच्यात बाळ झोपतं, गल्ली शांत होते आणि बर्गी येतात, आणि बुलबुलांनी धान खाल्लं तर आता खंडणी द्यायची कुठून असं ती आई विचारते. ते काका म्हणे, "माझी आई मला म्हणायची, मी माझ्या नातीला म्हणतो. तुमच्या नावानं आमच्याकडे तीनशे वर्षं होत आली मुलं झोपतात, आणि तुम्हाला पत्ताच नाही!"

आत्याला राहवलं नाही. "अहो पण तुमच्या अलीवर्दीनं भास्कररामांना बोलणी करायला बोलावून तंबूत मारलं, ते?" अलीवर्दी म्हणजे तेव्हाचा बंगालचा नवाब, आणि ही १७४४ ची गोष्ट, मनकऱ्याची. काका खूशच झाले. म्हणाले बरोबर आहे माशीमा, दगाच होता, आणि त्याच्या दोन वर्षं आधी भास्कर पंडितानं काटव्याजवळ थाटात दुर्गापूजा मांडली होती, ती अर्धवट टाकून त्याला पळावं लागलं, अलीवर्दीची फौज आली म्हणून. पूजा अर्धवट राहिली ना, तिथेच तुमचं बिनसलं, असं त्यांचं मत. शेवटी १७५१ ला तह झाला, ओडिशा आणि वर्षाला बारा लाख चौथ भोसल्यांना.

मग तेच म्हणाले, पण रागावू नका, १९०४ साली आमच्या रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. ती लिहून घेतली सखाराम गणेश देऊस्करांनी, देवघरजवळ जन्मलेला मराठी घरातला माणूस, बंगालीत लिहायचा. १९०६ ला इथल्या शिवाजी उत्सवाला टिळक आले होते. एकाच शहराला घोडेस्वारांची भीती पण आणि त्यांच्या राजाचा उत्सव पण, हे कसं काय जमलं असं मी विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. "ये कलकत्ता है. एक टेबल पे दोनों बैठते हैं." बिल त्यांनी देऊ दिलं नाही. आम्ही उठलो तरी ते बसलेलेच.

जाता जाता म्हणाले, वेळ असेल तर बागबाजारला मराठा डिच लेन बघून या.

खाली परामाउंटमध्ये डाब शरबत प्यालो, १९१८ चं दुकान, शहाळ्याचं पाणी आणि वर मलई. थंडीतसुद्धा घ्या.

संध्याकाळ: व्हिक्टोरिया, फुचका, नदीखालची मेट्रो

महात्मा गांधी रोड स्टेशनवरून मेट्रोनं मैदानाकडे. कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे, नागपूर मेट्रोची सवय असणाऱ्याला डबे जुने वाटतील पण ही १९८४ ची, देशातली पहिली.

व्हिक्टोरिया मेमोरियलबद्दल काय लिहू, सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मकराण्याचा संगमरवर, म्हणजे ताजमहालाचाच, १९०६ ला पायाभरणी आणि १९२१ ला उघडलं. आत्या सगळं फिरून आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई स्वतः कधी हिंदुस्थानात आली नाही, आणि तिच्यासाठी एवढा दगड." आत जयपूरच्या मिरवणुकीचं एक अवाढव्य रशियन तैलचित्र आहे, भिंतभर, ते मात्र चुकवू नका. सोमवारी आतलं दालन बंद असतं, इंडियन म्युझियमही सोमवारीच बंद, त्यामुळे सोमवारी कलकत्त्यात पोचू नका.

बाहेर फुचका. पाणीपुरी म्हणू नका, भांडण होईल. आत कुस्करलेला मसालेदार बटाटा, गोड चटणी नाही, रगडा नाही, चिंचेच्या पाण्यात गंधराज लिंबू, आणि तो वास दोन तास बोटांना राहतो. मी नागपूरची आहे तरी सांगते, आपल्यापेक्षा चांगली लागली. झालमुडी पण खाल्ली, वर कच्चं मोहरीचं तेल असतं, ते नवऱ्याला झेपलं नाही.

मग फक्त गंमत म्हणून एस्प्लनेडहून हावड्यापर्यंत मेट्रोनं गेलो आणि परत आलो. हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, हुगळीच्या खालून जातो. नदीखालचा बोगदा ५२० मीटर, निळे दिवे लावलेत म्हणजे कळतं, पाऊण मिनिटात संपतो. सगळे प्रवासी मोबाइलमध्ये, आम्ही तिघंच काचेला नाक लावून. हावडा मेट्रो स्टेशन एवढं खोल आहे की सरकते जिने संपता संपत नाहीत, गुडघेवाल्यांनी लिफ्ट शोधा.

रात्री बिर्याणी, तीच बटाट्याची. अवधचा वाजिद अली शाह १८५६ ला इथे मटियाबुर्जला आला आणि त्याच्या खानसाम्यांची ही बिर्याणी. बटाटा गरिबीमुळे आला की हौसेनं यावर इथे लोक वाद घालतात. नवऱ्यानं बटाटा आधी बाजूला ठेवला आणि मग माझाही खाल्ला. आत्या शाकाहारी, तिला लुची आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली चणाडाळ मिळाली, शाकाहारी लोकांनी घाबरू नये.

दुसरा दिवस, सकाळ: मराठा डिच लेन

म्युझियमचा प्लॅन होता, आत्यानं रद्द केला. "आपल्या भीतीनं खणलेला खंदक बघायचा सोडून मी ममी काहून बघू?"

खंदक आता नाहीये हे तिला रस्त्यात सांगितलं. १७४२ मध्ये मराठे येतील म्हणून कलकत्त्याच्या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीनं शहराभोवती खणायला घेतला, सात मैल करायचा होता, तीनेक मैल झाला आणि सोडून दिला, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे १७५६ ला सिराजउद्दौला आला तेव्हा त्याला काही या खंदकानं अडवलं नाही. १७९९ ला तो बुजवून सर्क्युलर रोड केला, म्हणजे आदल्या दिवशी ज्या शहरात आम्ही फिरलो त्याची एक जुनी कडा आपल्या माणसांच्या धाकानं आखली गेलीय, आणि नागपुरात शाळेत हे कोणी सांगत नाही.

गल्ली अगदी साधी. दोन्ही बाजूला जुनी घरं, लोखंडी जाळ्यांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले लेप, नळावर बादल्या. पाटीखाली आत्याला उभं करून फोटो काढत होतो तेव्हा एका बाईंनी दारातून विचारलं, शूटिंग आहे का. मी म्हटलं, नाही, आम्ही नागपूरहून आलोय, ही आमची गल्ली आहे. त्यांना त्यातलं काही समजलं नाही, त्यांना गल्लीचं नाव कशावरून पडलं हेच माहीत नव्हतं, पण त्यांच्या शाळकरी मुलाला माहीत होतं. तो म्हणाला, मराठे आमच्यावर अटॅक करणार होते, आणि आईला म्हणाला यांच्यासारखेच. आत्यानं पिशवीतून संत्राबर्फी काढून त्याला दिली. नागपूरहून नेलेला तो शेवटचा डबा होता.

आता खरेदीचं. थंडीत गेलात तर नोलेन गुडाचा संदेश (ही मिठाई) घ्यायचाच, खजुराच्या रसाचा ताजा गूळ फक्त याच दिवसांत असतो, रसगुल्ल्यापेक्षा मला हाच आवडला. पण दुकानात "कडापाक" मागा, तो घट्ट असतो. नरमपाक जागेवर उभं राहून खायचा, गाडीत तो टिकत नाही. आमच्याकडे दोन्ही होते, नरमपाकाचा डबा टाटानगर यायच्या आतच संपवावा लागला, आणि साइड बर्थवरच्या गोंदियाच्या काकूंनी त्यात चांगली मदत केली.